पत्ता विचारणारं रुग्णालय

दिव्याहून सुटलेली गाडी पेण, नागोठणं करत रोह्याला येते आणि तिथे रिकामी होते. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते, पुढे कोकण रेल्वे सुरू होते. भान हरपून गाडीत चढलेल्या माणसाला कुठे उतरायचं हे ठाऊक नसतं. गाडी जिथे थांबते तिथे तो उतरतो. दोन दिवस फलाटावर दिसतो, मग एसटी स्टँडवर, मग वडखळ-कोलाड महामार्गाच्या कडेने चालताना. भर उन्हात अंगात दोन-तीन सदरे, डोक्यावर जटा, काखेत गाठोडं. टपरीवाला चहा देतो, कुणी वडापाव देतं. दयेची कमतरता नसते. पण तो भोजपुरी बोलतोय, ओडिया की तेलुगू, एवढं ओळखून त्याच्यापाशी बसणारं कुणी नसतं.

असं बसणारी माणसं रायगड जिल्ह्यातच आहेत. पेणहून खोपोलीमार्गे कर्जतकडे गेलं की वेणगाव लागतं. १८५७च्या नानासाहेब पेशव्यांचं हे जन्मगाव. तेही पुढे कुठे नाहीसे झाले, याचा पत्ता इतिहासाला नीट लागलेला नाही. याच गावात रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणाऱ्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य. मुंबईत बोरिवलीला व्यवसाय करत असताना एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिताना त्यांना दिसला. त्यांनी त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये आणलं. औषधं लागू पडल्यावर कळलं, की तो आंध्रातला पदवीधर आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेतलेला आणि सुशिक्षित घरातला. वडील येऊन त्याला घेऊन गेले. १९८८ साली संस्था उभी राहिली, आधी मुंबईच्या उपनगरात. पुढे बाबा आमट्यांच्या प्रोत्साहनाने मोठ्या जागेचा विचार झाला आणि २००६ मध्ये कर्जतचं सुमारे १२० रुग्णांचं केंद्र सुरू झालं. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोपर्यंत ७,००० हून अधिक माणसं घरी पोचली होती. १९९३ पासून चेन्नईत ‘द बॅनियन’ ही संस्थाही बेघर मनोरुग्णांसाठी, आधी मुख्यतः स्त्रियांसाठी, काम करत आली आहे.

पुरस्कारापेक्षा मला या संस्थेच्या कामाचा क्रम मोलाचा वाटतो. सरकारी खिडकीवर आधी नाव, गाव, आधार, नातेवाईक आणि मग औषध. इथे आधी औषध. पहिल्यांदा आंघोळ, केस, नखं, खरूज, जखमा, पोटभर जेवण. बरोबरीने ओलान्झापिन, रिस्पेरिडोन यांसारखी औषधं सुरू होतात. बहुतेकांना स्किझोफ्रेनियासारखा तीव्र आजार असतो. कानात बोलणारे आवाज काही आठवड्यांत मंदावतात, झोप लागू लागते, आणि एके दिवशी माणूस आपलं नाव सांगतो.

खरी कारागिरी इथून पुढे सुरू होते. गावाचं नाव कळून भागत नाही. एकाच नावाची गावं बिहारात आणि उत्तर प्रदेशात ढिगाने सापडतात. मग उलटसुलट विचारावं लागतं. आठवडी बाजार कुठे भरतो? नदी कुठली? ठाणं कुठलं? शाळेत जाताना रूळ ओलांडायचास का? मिळालेल्या तुकड्यांवरून तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन लावायचा, सरपंचाला गाठायचं. धागा जुळला, की सामाजिक कार्यकर्ता रुग्णाला आणि औषधांच्या पिशवीला घेऊन रेल्वेने निघतो. साधारण दोन-तीन महिन्यांत हे सगळं होतं. काही घरी तोवर त्या माणसाचे दिवसही घालून झालेले असतात.

हे काम खरं तर कायद्याने पोलिसांवरही सोपवलेलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, मे २०१८ मध्ये लागू झालेला. त्याचं कलम १०० सांगतं, की भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घ्यावं, कोठडीत टाकू नये, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा. कलम १८ प्रमाणे बेघर आणि दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला उपचार मोफत आहेत, मग त्याच्याकडे शिधापत्रिका असो वा नसो. आता भूगोल बघा. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. ठाण्याचं १९०१चं, रत्नागिरीचं १८८६चं. पेण-रोहा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. रोह्याहून रत्नागिरी गाडीने सुमारे दोनशे किलोमीटर.

रस्त्यावर आलेला माणूस निदान दिसतो तरी. जो खोलीत आहे, कामावर आहे, तो दिसत नाही. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत, डोलवीच्या पोलाद प्रकल्पात, नागोठण्याच्या आसपास ठेकेदारामार्फत परप्रांतातून आलेली पोरं एका खोलीत सहा-आठ जण राहतात. त्यातल्या एखाद्याचं गावाकडे औषध चालू असतं. गोळ्या संपल्या की तो दुकानात रिकामी पट्टी दाखवतो. पट्टीला कात्री लागलेली, नाव अर्धं, तारीख गेलेली. एकाच ओलान्झापिनची बाजारात डझनावारी नावं आहेत आणि ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा नियम आहे. दुकानदाराचं चुकत नाही. चिठ्ठीसाठी मात्र रोज बुडवून डॉक्टरकडे जायचं आणि जे होतंय ते परक्या भाषेत सांगायचं. खोलीतले दोस्त म्हणतात, आता ठणठणीत आहेस, कशाला खातोस? गोळी बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून ते पटतंही. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तोवर गोळीचा संबंध कुणाच्या ध्यानात राहत नाही.

कामाचा आणि औषधाचा मेळही बसायला हवा. लिथियम घेणाऱ्याला घाम फार गेला आणि पाणी कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम विषारी पातळीवर जाऊ शकतं. म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागतं. काही मनोविकारविरोधी औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची ताकद घटते. भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं. रात्रपाळीवाल्याला झोप आणणारी गोळी ‘रात्री एक’ लिहून देण्यातही अर्थ नसतो.

जाणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला बाहेर पडतात, काही थेट कर्नाटक-गुजरातपर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मोजणी जोडप्यावर असते, परतणं पावसाच्या तोंडावर. वाडीवर कुणाला फिट येत असेल, कुणी आपल्याशीच बडबडत असेल, तर आधी भगत. त्यातून वाट काढत एखादं कुटुंब दवाखान्यापर्यंत पोचतं, महिनाभराच्या गोळ्या मिळतात, आणि दिवाळी येते. फिटचं औषध एकदम तुटलं तर फिट उलटून येते, कधी थांबतच नाही, आणि समोर धगधगती भट्टी असते. मागे ठेवून जायलाही वाडीत म्हाताऱ्यांशिवाय कुणी नसतं.

क्षयरोगाचं पाहा. त्या रुग्णाची ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंद असते आणि तो पेणहून कर्नाटकात गेला तरी त्याचे उपचार तिकडच्या केंद्राकडे सोपवता येतात. मनोविकाराच्या रुग्णाच्या हाती घडी पडलेला केसपेपर. १० ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवा आहे, अनेक भारतीय भाषांत. ओडिया पोराला रोह्यात बसून आपल्या भाषेत बोलता येतं, ही मोठीच सोय. पण पट्टी शेवटी हातात पडावी लागते.

वेणगावच्या कामाबद्दलही एक शंका मनात येतेच. घर गाठून दिलं की गोष्ट सुफळ संपूर्ण वाटते. पण पोटासाठी ज्या गावातून माणूस निघाला, तिथे ना काम ना मनोविकारतज्ज्ञ. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं नोंदवलं. घरी पोचलेल्या माणसाने गोळ्या कुठून आणायच्या, हा प्रश्न त्यामुळे दारातच उभा राहतो. बरा झालेला माणूस पुन्हा कामाला बाहेर पडणारच. त्याला घरी थांबवून ठेवणं हा काही उपचार नव्हे.

वाडीवर ट्रक कधी येणार हे गुरुजींना ठाऊक असतं, रेशन दुकानदाराला ठाऊक असतं. कोण कुठल्या भट्टीवर गेलं याची वही मुकादमाकडे असते, कारण त्याला उचल वसूल करायची असते. दवाखान्याच्या औषध खिडकीपाशी तशी वही नाही. ती ठेवायला नवा कायदा लागत नाही. कोण कुठल्या तालुक्यात जाणार, तिथलं सरकारी रुग्णालय कुठलं, औषधाचं मूळ नाव आणि मात्रा काय, महिन्याचं इंजेक्शन चालत असेल तर पुढची तारीख कोणती, एवढं एका कागदावर ठळक लिहून, डॉक्टरांना योग्य वाटेल तेवढ्या महिन्यांच्या गोळ्या बरोबर द्यायच्या. हे सगळं दिवाळीच्या आधी व्हावं लागतं, कारण भाऊबीजेनंतर वाड्या रिकाम्या होऊ लागतात.