मार्जारावरील पिसवा आणि आपले औषधालय

मांजराला पिसवा झाल्या की ग्राहक कडुनिंबाचे अथवा कापराचे तेल मागतात. आमच्याकडूनही एकदा कापूरमिश्रित तेल दिले गेले. मांजर लाळ गाळीत थरथरू लागले, पशुवैद्यकांमुळे वाचले. मांजर सर्वांग चाटते, त्यामुळे बाह्य लेपही उदरात जातो. शिवाय ग्लुक्युरोनिडेशन ही यकृतातील विषनिर्हरणाची क्रिया त्याच्या ठायी अत्यंत दुर्बळ असते. म्हणून कापूर, निलगिरी तेल ही आपल्या नित्य वापरातील द्रव्ये त्यास विषवत् होतात. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध तर प्राणघातक ठरू शकते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेला कृमिचिकित्सेचा क्रम मात्र येथे उत्तम लागू पडतो. अपकर्षण म्हणजे बारीक फणीने रोज विंचरून निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडविणे. प्रकृतिविघात, अर्थात औषधयोजना, पशुवैद्यकांवर सोपवावी. वजन व वय पाहून ते मात्रा ठरवितात. निदानपरिवर्जन बहुधा राहून जाते. अंडी अंगावरून गळून अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या फटींत पडतात आणि कोशातील पिसू कित्येक महिने तग धरते. यास्तव अंथरूण गरम पाण्याने धुण्यास व केर रोज काढण्यास ग्राहकास आवर्जून सांगावे. लहान पिल्लांना रक्तशोषणाने पांडुता येते. त्यांना त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे पाठवावे.