व्हिसा हातात आला, तरी तीन उंबरठे बाकी

दसरा-दिवाळी जवळ आली, बहरीनचा उन्हाळा ओसरू लागला, की आमच्या हिद्दच्या घरी फोन वाजायला लागतात. "काका, आईबाबांना दोन महिने बोलवायचं आहे, काय काय लागेल?" किंवा "नाताळच्या सुट्टीत युरोपला जायचं म्हणतोय, इथून व्हिसा मिळतो का?" १९९१ साली मी इथल्या ड्राय डॉकमध्ये नोकरीला लागलो. तेव्हापासून स्वतःचे, नातेवाइकांचे आणि मित्रमंडळींचे इतके फॉर्म भरले, की हा माणूस एजंट असावा असा काहींचा समज झाला आहे. मी एजंट नाही. पण हाच प्रश्न दर वर्षी दहा जणांना वेगवेगळा समजावण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. व्हिसा म्हणजे प्रवेश नव्हे. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. दार उघडायचे की नाही, हे त्या देशाच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याच्यापर्यंत पोचण्याआधी आणखी दोन ठिकाणी कागद तपासले जातात. असे एकूण तीन उंबरठे ओलांडावे लागतात : विमान कंपनीचा काउंटर, आपल्या देशाचे इमिग्रेशन आणि परक्या देशाचे इमिग्रेशन. यांपैकी एकाही ठिकाणी "अहो, पण व्हिसा तर आहे ना!" हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

थोडा इतिहास

आज आपण ज्याला पासपोर्ट म्हणतो, त्याला जेमतेम शंभर वर्षे झाली. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने १९२० साली पॅरिसला परिषद भरवली आणि सर्व देशांनी साधारण एकाच नमुन्याचे, ३२ पानांचे पुस्तक वापरावे असे सुचवले. हिंदुस्थानातही त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. त्या काळात बहरीनचा ब्रिटिश पोलिटिकल एजंट १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या यंत्रणेतला होता. पुढे १९५९ पासून १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रिझर्व्ह बँकेने छापलेला खास 'आखाती रुपया' चालत असे. मुंबई आणि मनामा यांच्यातले अंतर तेव्हा मनाने आजच्यापेक्षा कमीच असावे.

स्वतंत्र भारतात मात्र परदेशी जाणे अवघड होऊन बसले. पासपोर्ट देणे-न देणे सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निर्णय दिला आणि त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. तरी परकीय चलनाचा दुष्काळ होताच. रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' आणि खिशात फक्त आठ डॉलर, ही आठवण आपल्यातल्या ज्येष्ठांना नक्की असेल. आज एका भारतीय रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता वा पाठवता येतात. पैशाची अडचण सुटली, कागदांची मात्र वाढली.

पहिला उंबरठा : विमान कंपनी

काउंटरवरची मुलगी इतकी कडक का, असे अनेकजण चिडून विचारतात. त्याचे कारण १९४४ च्या शिकागो करारात आणि त्याच्या नवव्या परिशिष्टात आहे. कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी पुढच्या देशाने नाकारला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. शिवाय अनेक देश कंपनीला दंडही करतात. म्हणून काउंटरवर 'टिमॅटिक' या नियमावलीत पाहिले जाते. हवाई कंपन्यांच्या जागतिक संघटनेची ही नियमावली आहे. त्यात जे लिहिले असेल त्यापुढे आपला युक्तिवाद चालत नाही. काही कंपन्या आखातात येणाऱ्या भारतीय प्रवाशांचा व्हिसा आधी मागवून घेऊन तिकिटावर 'ओके टू बोर्ड' अशी नोंद करतात. तिकीट काढतानाच याची चौकशी करावी.

इथे सर्वांत जास्त माणसे अडतात ती पासपोर्टच्या मुदतीवर. आखाती देशांत आणि आशियातल्या बऱ्याच देशांत पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. युरोपच्या शेंगेन देशांचा नियम निराळा आहे : परतीच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा.

हिद्दमधल्याच एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. मुलीचे पहिले बाळंतपण, म्हणून डोंबिवलीहून आई येणार होती. व्हिसा आला होता, तिकीट होते, डिंकाचे लाडू बांधून झाले होते. पासपोर्टला चार महिने उरले होते. व्हिसा मिळाला म्हणजे सगळे ठीक, असे सर्वांनी धरले होते. मुंबईच्या काउंटरवर त्यांना परत पाठवले. नवा पासपोर्ट आणि नवा व्हिसा घेऊन माउली आली तेव्हा नातू अकरा दिवसांचा झाला होता. मुलगी त्या अकरा दिवसांत शेजारणींच्या भरवशावर होती. दोष कोणाचा, हे ठरवून ते दिवस परत येत नाहीत. म्हणून माझी पहिली विनंती : व्हिसाचा फॉर्म उघडण्याआधी पासपोर्टचे पान उघडा.

नावाची भानगड

आपली मराठी नावे तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, 'दिलेले नाव' आणि 'आडनाव'. जुन्या पासपोर्टांत कधी आडनावाचा रकाना मोकळा असतो आणि सगळे नाव एकाच ओळीत येते. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन व्हिसावर प्रवेश बंद केला आहे. आपल्याकडच्या ज्या आजींच्या पासपोर्टवर नुसते 'पार्वती' किंवा 'सुशीला' आहे, त्यांनी दुबईचे तिकीट काढण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा.

दुसरा प्रकार सुनांचा. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, तिकीट सासरच्या नावाचे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. पासपोर्टवर जे नाव आहे तेच तिकिटावर, तेच व्हिसावर, इतके पाळले की पुरे. हौसेने तिकिटावर नवे नाव घालू नये. विवाहाचा दाखला लागणार असेल तर त्यावर अपोस्टिल करून घ्यावे. भारत २००५ पासून आणि बहरीन २०१३ च्या अखेरीपासून त्या करारात आहे.

दुसरा उंबरठा : आपलेच इमिग्रेशन

१९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोकरीसाठी जाणाऱ्या काही लोकांना सरकारची मंजुरी लागते. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे त्यांच्या पासपोर्टवर 'ई.सी.आर.' असा शेरा असतो. ही मंजुरी ज्या अठरा देशांसाठी लागते त्यांत बहरीन आहे. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या अनेक आयांच्या पासपोर्टवर हा शेरा असतो आणि घरचे घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. ही मंजुरी नोकरीसाठी आहे. ऑक्टोबर २००७ पासून फिरायला किंवा मुलांकडे जाणाऱ्याला ती लागत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना तर नव्या पासपोर्टवर हा शेराच येत नाही. परतीचे तिकीट, व्हिसाची छापील प्रत आणि मुलाचा इथला पत्ता व फोन नंबर एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. अधिकाऱ्याने विचारले तर तिने कागद पुढे करावा.

याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. गावाकडचा एखादा मुलगा फोन करतो, "काका, एजंट म्हणतोय आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर नोकरीचा करून देतो." त्याला स्पष्ट नाही म्हणा. पर्यटन व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. त्यातून 'ई.सी.आर.' मुलगा तसा गेला, तर भारत सरकारच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेत त्याची नोंद होत नाही आणि मालकाने पगार बुडवला तर दाद मागायला हातात करारही राहत नाही. वर मुदत संपल्यावर दंड साचतो तो वेगळाच. पाहुणा म्हणून आलेल्याने पाहुणा म्हणूनच परत जावे.

तिसरा उंबरठा : परक्या देशाचा अधिकारी

तो चारच गोष्टी विचारतो : का आलात, किती दिवस, राहणार कुठे, खर्च कोण करणार. उत्तरे फॉर्ममध्ये लिहिलेल्याशी जुळली पाहिजेत. मुलाकडे आलेल्या वडिलांनी "बिझनेस" असे सांगू नये, हे वेगळे सांगायला नको. पण इंग्रजीच्या धास्तीने माणूस काहीही बोलून जातो, म्हणून घरी एकदा सराव करावा.

आता बहरीनहून निघणाऱ्यांसाठी. १९८६ मध्ये किंग फाहद पूल झाला आणि सौदी अरेबिया गाडीने पोचण्याइतका जवळ आला. पण आपल्यासारख्यांना पर्यटक म्हणून तिकडे जाता येत नसे. सौदीने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटन व्हिसा सुरू केला आणि मार्च २०२३ मध्ये आखाती सहकार्य परिषदेच्या देशांतल्या सर्व रहिवाशांना, व्यवसाय कोणताही असो, त्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. यात एक मेख आहे. ही सवलत रहिवाशांना आहे. आपल्याकडे व्हिजिटवर आलेले आईवडील बहरीनचे रहिवासी नव्हेत. त्यांना सौदीचा व्हिसा स्वतःच्या पात्रतेवर मिळवावा लागेल. आणि त्यांचा बहरीनचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर पूल ओलांडताच तो संपला. परत आत येताना नवा लागेल. म्हणून पालकांना दम्मामची किंवा दुबईची सैर घडवायची असेल, तर बहरीनचा व्हिसा काढतानाच अनेक प्रवेशांचा काढा.

शेंगेनचेही तसेच. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या. आज त्यात २९ देश आहेत. इंग्लंड त्यात नाही. पॅरिस-लंडन-रोम अशी सहल आखली आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असला, तर रोमला मुकावे लागते. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे एखादा दिवस जास्त राहिलेले आता संगणकालाच कळते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपने भारतीयांना दीर्घ मुदतीचे व्हिसे देण्याचा सोपा क्रम जाहीर केला, पण तो भारतात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. बहरीनहून अर्ज करणाऱ्याने त्यावर विसंबू नये. इथे कंपनीचे पत्र, बँकेचे खातेपत्रक आणि निवास परवान्याची शिल्लक मुदत यांवर भिस्त असते. नोकरी बदलण्याच्या बेतात असाल तर सहल त्याआधी किंवा नंतर आखा, मध्ये नको.

बॅग भरताना

कागद बरोबर आणि बॅग चुकीची, असेही होते. करंजीत, अनारशावर आणि कोल्हापुरी मसाल्यात आपण खसखस घालतो. अमिराती, सौदी आणि सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात बसते आणि मामला तुरुंगापर्यंत जाऊ शकतो. आईला हे आधीच सांगा. ती बिचारी प्रेमाने डबा भरत असते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि त्या देशाचे नियम पाहिल्याशिवाय आणू नये. केनियाची सफारी करून परस्पर मुंबईला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो, तेव्हा जपून ठेवा.

मूल एकाच पालकाबरोबर जात असेल, तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ असावे. नवराबायकोचे कितीही चांगले असले तरी परक्या अधिकाऱ्याला ते कसे कळणार?

शेवटी एक हिशेब मांडतो. पासपोर्टची मुदत, कोरी पाने, नावाचे स्पेलिंग, व्हिसाचे किती प्रवेश, परतीचे तिकीट, विमा, औषधे. सात गोष्टी. प्रवासाच्या तीन महिने आधी एका संध्याकाळी चहाच्या वेळी त्या तपासून होतात आणि त्या दिवशी संबंधित दूतावासाच्या अधिकृत पानावर नियम पुन्हा पाहता येतात. आपले आईवडील सत्तरीच्या पुढे चालले आहेत. त्यांना घराबाहेर पडायला धीर लागतो आणि विमानतळावरून परत फिरलेले माणूस दुसऱ्यांदा यायला सहसा तयार होत नाही. ती संध्याकाळ त्यांच्यासाठी काढा.