दुपारी लेकरू निजवायचं कुठं?

घरातलं तान्हं : लेखांक ५

गेल्या आठवड्यात दुधाच्या वेळा पाहिल्या. आज झोपेची जागा, तीही दिवसाची. पहिले तीन महिने लेकरू चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, आणि त्यातली बरीचशी झोप घर जागं असताना होते. अडचण तिथंच येते. नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या दोन खोल्या असोत की लातुरातली भाड्याची एक. सकाळी अंथरुणं गुंडाळली की त्याच जागी स्वयंपाक, जेवणं, पाहुणे आणि थोरल्याचा अभ्यास. लातुरात तर पाण्याचे ड्रमही तिथंच. अशा घरात बाळाला वेगळी खोली मिळायची नाही, आणि तिची गरजही नाही. हवी एक सपाट, मोकळी जागा, जिच्यावर कुणाची तरी नजर आहे. आपल्याकडच्या उन्हात मात्र ती जागा दिवसभर एकच राहू शकत नाही.

आधी एक ओझं उतरवू. तान्ह्याला दिवसा अंधार आणि शांतता लागते, हा समज खरा नाही. दिवस-रात्रीचं भान यायला त्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर कुकरची शिटी नि मिक्सर चालू असतानाही ते झोपतं. दिवसा उजेडात आणि रात्री अंधारात निजवलं तर ते भान बसायला मदतच होते. पहिल्या आठवड्यात उजेडाचं आणखी एक काम असतं. कावीळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. फटीत चिंध्या कोंबलेल्या बाळंतिणीच्या खोलीत ती कुणाच्या लक्षात येत नाही. अशा बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवणं तर जिवावरचं. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. शेक घ्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवून, आणि लेकरू तेवढा वेळ बाहेर आजीच्या मांडीवर.

आता झोळी. तिला जमीन अडवावी लागत नाही, शेतात लिंबाच्या फांदीला बांधली की माय खुरपायला मोकळी. पण साडीच्या खोलगट झोळीत अंग धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची मान कच्ची; ती सावरता येत नाही आणि श्वासाची वाट आवळते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या लेकराला हा धोका जास्त. म्हणून जगभरचे बालरोगतज्ज्ञ एकच सांगतात : उताणं, घट्ट आणि सपाट अंथरुणावर, उशीशिवाय. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती उशी किंवा चुंबळही नको. अमेरिकेत १९९४ मध्ये उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. झोळी कायमची सोडून ठेवा असं म्हणणं नाही. रडतं लेकरू तिच्यात शांत होतं, हे खरंच. समोर माणूस असताना झोका द्या. डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा.

ती सपाट जागा कुठं, हे घराचं छत ठरवतं. जुन्या माळवदाच्या घरात जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा थर यांमुळे मे महिन्यातही आत गारवा असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, तीच जड घरं माणसांच्या अंगावर आली. पुढं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांच्या वाट्याला २५० चौरस फुटांचं घर आलं. आजच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळही २५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. माळवदं कमी होत गेली, पत्रा नि स्लॅब वाढले, आणि घरातल्या गारव्याच्या वेळा बदलल्या. पत्रा ऊन पडताच तापतो, ऊन कललं की लवकर निवतो. स्लॅब हळूहळू तापतो, आणि दिवसभर साठवलेली धग संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो.

तेव्हा पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्यात अकरा ते चार लेकरू पत्र्याखाली नको. शेजारच्या घरी किंवा दाट सावलीत न्या, आणि सोबत कुणीतरी बसा. स्लॅबच्या घरात दुपारी जमिनीलगत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. दिवेलागणीला वाऱ्याच्या ओट्यावर. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खालच्या घराशी आधीच बोलून ठेवावं. पंखा चालतो. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको, आणि कूलर चालू असताना खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते.

जागा हलवायची तर अंथरूणही हलतं हवं. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरीब मातांना बाळंतपणाचं साहित्य पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळू लागलं, आणि तळाशी गादी घालून त्याच खोक्यात कित्येक लेकरं निजली. आपल्याकडे चटई, तिच्यावर घट्ट घडी घातलेली वाकळ, वर सुती दुपटं आणि छत्रीसारखी उघडमीट होणारी मच्छरदाणी एवढ्यावर भागतं. मच्छरदाणी दिवसाही हवी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. ड्रमावर घट्ट झाकण हवं आणि आठवड्यातून एकदा तो घासून कोरडा करायला हवा. मांडणी, सिलिंडर, चूल यांच्याजवळ अंथरूण नको. सोफा, ढिली पडलेली बाज, पलंग आणि भिंतीमधली फट या तिन्ही जागा टाळा. तेल लावलेल्या लेकराला मुंग्या लागतात, तेही पाहा. खेड्यात पावसाळ्यात विंचू-सापाचं भय असतं. तेव्हा जमिनीऐवजी लाकडी पलंगाच्या मधोमध, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

जागा जमली की नाही, हे लेकराचं अंगच सांगतं. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट गरम नि पाय गार, तर त्याला थंडी वाजतेय. मान-पाठ घामेजली तर टोपडं, मोजे काढा. उन्हाळ्यात पाणी नको, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. अंग तापलेलं आहे, लेकरू सुस्त आहे, दूध ओढत नाही, असं दिसलं तर दवाखाना गाठा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येतात. वजनाबरोबर लेकरू निजतं ती जागाही त्यांना दाखवा. घर पाहिलेल्या माणसाचा सल्ला जास्त उपयोगी पडतो.

पुढच्या आठवड्यात : तेल-मालीश आणि अंघोळ.