रामागड्याचा इटालियन भाऊ

हौशी रंगभूमीवर मी सव्वीस वर्षं रामागडी केला. खांद्यावर फडकं, हातात चहाचा ट्रे, 'रामा!' अशी हाक आली की 'जी साहेब' म्हणत एन्ट्री. तीन वाक्यं, दोन हशे, एक्झिट. त्यामुळे मिलानच्या 'पिकोलो तेआत्रो'मध्ये गडीच नायक असलेलं नाटक बघायला बसलो, तेव्हा पोटात थोडी असूया होती.

नाटक कार्लो गोल्दोनीचं, 'दोन धन्यांचा नोकर'. 1745 साली गोल्दोनी पिसात वकिली करत होता. अंतोनियो साक्की या नटाने गळ घातली, म्हणून त्याने ते लिहिलं. दोन वेळचं नीट खायला मिळावं म्हणून एक गडी एकाच वेळी दोन मालकांची चाकरी पत्करतो, आणि एकाचा दुसऱ्याला सुगावा लागू नये म्हणून नुसता धावत सुटतो. गोल्दोनीने त्याला त्रुफाल्दिनो म्हटलं होतं. 1947 साली ज्योर्ज्यो स्ट्रेलरने ते पिकोलोत बसवलं तेव्हा तो झाला आर्लेक्किनो. इंग्रजीतला हार्लेक्विन तो हाच.

हा गडी नाटकाहून जुना. सोळाव्या शतकात इटलीत फिरत्या मंडळ्या मुखवटे घालून खेळ करत. संवाद लिहिलेले नसत. कथानकाचा आराखडा हाताशी, बाकी सगळं आयत्या वेळी. पात्रं मात्र ठरलेली: कंजूष व्यापारी पांतालोने, पोपटपंची करणारा दोत्तोरे, बढाईखोर कप्तान. आणि चाकर, म्हणजे झान्नी; आर्लेक्किनो त्यांतलाच. 'झान्नी' हे 'जोव्हान्नी' या नावाचं उत्तरेकडचं बोलीरूप. बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून पोटासाठी व्हेनिसला येऊन हमाली करणाऱ्यांची ती नक्कल. हे कळलं आणि मी चमकलो. रत्नागिरीकडून मुंबईत घरकामाला आलेल्या गड्याचं खरं नाव काहीही असो, त्याला सरसकट 'रामा'च म्हणत की!

आर्लेक्किनोच्या अंगावर रंगीबेरंगी ठिगळं, ती पुढे नीटस चौकटी झाली. कमरेला दोन फळ्यांची काठी. मारली की आवाज मोठा, मार थोडा. चेहऱ्यावर काळा अर्धा मुखवटा. पादुआच्या आमलेतो सार्तोरीने पिकोलोसाठी असे मुखवटे लाकडी साच्यावर ओलं चामडं ठोकून बनवले. डोळ्यांची भोकं एवढीशी, की बाजूचं बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते. भुवया, गाल झाकलेले. मग बोलणार कोण? खांदे, गुडघे, टाचा. त्याच्या कोलांट्यांचं मूळ इथे आहे, आणि भुकेत.

एका प्रवेशात मालकाचं फोडलेलं पत्र पुन्हा चिकटवायचं असतं. त्यासाठी तो पावाचा तुकडा चावून मऊ करतो. पण तोंडात गेलेला पाव बाहेर कसला येतोय! गिळला जातो. पुन्हा तुकडा, पुन्हा गिळंकृत. पुढे एक माशी पकडायला तो सगळा रंगमंच पालथा घालतो, आणि सापडल्यावर खाऊन टाकतो. मंडळ्या अशा करामतींना 'लात्सी' म्हणत. मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की मी एका उपाशी माणसाला हसतोय.

शेवटी सगळे नट वाकले. आर्लेक्किनोने मुखवटा काढला आणि प्रेक्षागृहात एक हुंकार उठला. खाली ऐंशी ओलांडलेला चेहरा होता: फेर्रुच्चो सोलेरी, जन्म 1929. 1960 साली न्यूयॉर्कला आधीचा आर्लेक्किनो मार्चेल्लो मोरेत्ती याच्या जागी तो पहिल्यांदा उभा राहिला, आणि 2018 पर्यंत त्याने हा गडी केला, दोन हजारांहून अधिक वेळा.

बाहेर पडताना माझी असूया गेली होती. वेगळंच काही टोचत होतं. सव्वीस वर्षांत मी किती ट्रे आत आणले, त्याचा हिशेब नाही. पण आमचा रामा जेवला का, हे एकाही नाटकात कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.