चौदा शर्करांची छाटणी

पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिन तयार होत असतानाच त्याच्या ॲस्परॅजीन या अमिनो आम्लावर 14 शर्करांची आयती साखळी चिकटवली जाते: 3 ग्लुकोज, 9 मॅनोज, 2 एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन. आणि लगेच कापाकापी सुरू! ग्लुकोसिडेज-1 हे विकर टोकाचे ग्लुकोज तोडते, ग्लुकोसिडेज-2 दुसरे. उरलेल्या एकमेव ग्लुकोजला कॅल्नेक्सिन आणि कॅल्रेटिक्युलिन ही मदतनीस प्रथिने धरून ठेवतात व प्रथिनाची घडी नीट बसू देतात. मग तेही ग्लुकोज कापले जाते.

खरी गंमत पुढे आहे. घडी चुकली असेल तर यूजीजीटी नावाचे विकर कापलेले ग्लुकोज पुन्हा जोडते. अपुऱ्या कागदपत्रांच्या अर्जदारासारखे प्रथिन परत रांगेत! पण हा फेरा अनंतकाळ चालत नाही. मॅनोसिडेज विकरे सावकाश मॅनोज छाटत असतात. फार रेंगाळलेल्या प्रथिनाची साखळी त्यामुळे आखूड होते आणि त्याची रवानगी थेट प्रोटिएसोमकडे, म्हणजे मोडीत होते. घडी जमलेली प्रथिने गॉल्जी संकुलाकडे जातात.

तुतीच्या झाडात सापडणारे डीऑक्सिनोजिरिमायसिन हे संयुग छाटणीची सुरुवात करणाऱ्या याच ग्लुकोसिडेज विकरांना अडवते. त्याच धाटणीचे मिग्लुस्टॅट हे गोशे आजारावरचे औषध आहे. तिथे मात्र ते वेगळ्याच विकराला रोखते.