एकरकमी तडजोड : आधी पत्र, मग पैसे

हप्ते 90 दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. थकबाकीपेक्षा कमी रकमेत कर्ज मिटवण्याच्या तडजोडीची, म्हणजे ‘ओटीएस’ची, खरी बोलणी बहुधा त्यानंतरच सुरू होतात. सवलत हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर अर्बन सहकारी बँकेच्या प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट केले.

वसुली एजंटाच्या फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर मंजुरीपत्र घ्या. त्यात खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याची मुदत आणि उरलेली बाकी सोडून दिल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. पैसे एजंटाकडे न देता थेट कर्जखात्यात भरा आणि ‘नो ड्यूज’चा दाखला घ्या. मुदत चुकली तर तडजोड मोडू शकते, म्हणून जमवता येईल तेवढाच आकडा कबूल करा.

प्रकरण लोकअदालतीत मिटवता आले तर उत्तम. तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही.

या सवलतीची किंमतही मोजावी लागते. सिबिलच्या पतनोंदीत ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचे कर्ज अवघड होते. शेतीकर्ज वगळता, त्याच बँकेकडून किमान 12 महिने नवे कर्ज मिळत नाही.

घर तारण असेल तर तडजोडीची रक्कम पूर्ण भरल्यापासून 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागा.