गाणे आमचे, नाव कोणाचे?

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव महाराष्ट्राला दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, तेथील हातमागावरचा कोसा. दुसरे, तेथील पोलीस ठाणे. २९ सप्टेंबर २००६ रोजी ज्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले, ते गाव याच ठाण्याच्या हद्दीत येते. त्या वेळी मोठमोठ्या वृत्तपत्रांना जाग यायला कित्येक आठवडे लागले. आंबेडकरी शाहिरांनी मात्र ती हकीगत वस्त्यावस्त्यांत नेली. ज्या समाजाला वृत्तपत्रे जागा देत नाहीत, त्या समाजाचे वृत्तपत्र म्हणजे त्याचे गाणे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी हेच केले आणि पुढे वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर हेच केले.

आज हे गाणे मोबाईलच्या छोट्या व्हिडिओत, म्हणजे रील्समध्ये आले आहे. १४ एप्रिल किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की भीमगीतांच्या तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांवर हजारो तरुण-तरुणी व्हिडिओ करतात. आपल्यातील काही जुनेजाणते यावर नाक मुरडतात. हा पोरखेळ आहे, यातून प्रबोधन होत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटत नाही. कॅसेट आली तेव्हाही हेच म्हटले गेले होते. पण प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज खेड्यापाड्यांत कॅसेटनेच पोहोचवला. साधन वाईट नसते. ते कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कडूबाई खरात एकतारी घेऊन वस्त्यांतून भीमगीते गात होत्या. कुठल्याही कंपनीने त्यांना शोधले नाही. लोकांनी मोबाईलवर टिपलेल्या व्हिडिओंनी त्यांना घराघरात नेले. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील बंजारा समाजाच्या संजू राठोड या तरुणाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे रील्सवरूनच देशभर गेले. तो स्वतः लिहितो, चाल लावतो आणि गातो. त्यामुळे गाण्याबरोबर त्याचे नावही गेले. आमच्या बहुतेक गायक-कवींच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही.

याचे कारण आमच्या गाण्याच्या घडणीत आहे. वामनदादांसारखे कवी गीताच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. ती त्यांची सही होती. गाणे कोणीही गायले, कुठेही गायले, तरी शेवटच्या ओळीत कवी हजर असे. रील मात्र मुखड्यापुरती असते. पहिल्या दोन ओळी घेतल्या, ठेका वाढवला, खाली डीजेचे नाव टाकले, संपले! शेवटचे कडवे तेथवर पोहोचतच नाही. म्हणजे शतकानुशतके चालत आलेली कवीची सही या तीस सेकंदांनी पुसली.

त्यात तांत्रिक गोम अशी की, इन्स्टाग्रामवर एखाद्याने दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा टाकला, की तो आवाज बहुधा टाकणाऱ्याच्या नावावर ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून जमा होतो. पुढे दहा हजार जणांनी त्यावर व्हिडिओ केले, तरी प्रत्येकाखाली त्या पहिल्या टाकणाऱ्याचेच नाव दिसते. दुय्यम कव्वाली सामन्यात रात्रभर गळा फोडणाऱ्या गायकाच्या वाट्याला त्या रात्रीची बिदागी. आणि पहिल्या रांगेत मोबाईल धरून बसलेल्याच्या वाट्याला नाव. कोसा विणणाऱ्याचे नाव तरी कापडावर कुठे असते?

केवळ लोकप्रियतेने न्याय मिळत नाही, हे तामिळनाडूने पाहिले आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे आले. भूमिहीन मळेमजुरांची वेदना मांडणारे त्याचे शब्द अरिवू या दलित तरुणाचे. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर निषेध केल्यावर त्याचे वेगळे मुखपृष्ठ निघाले. २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नसल्याचे सांगितले. जिथे एवढ्या गाजलेल्या मंडळींची ही गत, तिथे आंधळगावच्या भजनी मंडळाचे काय?

मात्र कायदा आपल्या बाजूचा आहे, आणि तो आपल्याला माहीत नाही हे दुर्दैव. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीवर आपले नाव लावण्याचा हक्क कवीचाच राहतो, त्याने गाणे विकून टाकले असले तरीही. कवी हयात नसेल तर त्याचे वारस तो हक्क बजावू शकतात. कलम ३८-ख गायकालाही असाच हक्क देते. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतील समान वाटा करार करूनही हिरावता येणार नाही, अशी तरतूद केली. करार लेखी व सहीचा हवा, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. ‘एकदा पैसे दिले, आता गाणे कायमचे आमचे’ असे सांगणाऱ्यासमोर हे कलम १९ ठेवावे.

म्हणून आमचे गायक-कवींना सांगणे आहे, की रील्सपासून पळू नका, रील्सच्या पुढे जा. जयंतीच्या दोन महिने आधी गाणे स्वच्छ ध्वनिमुद्रित करा. डिजिटल वितरण करणाऱ्या संस्थेमार्फत कवी, संगीतकार आणि गायक यांच्या नावांसह अधिकृतपणे टाका, म्हणजे गाण्याला आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळेल आणि लोक तोच आवाज वापरतील. त्यातला कोणता तुकडा लोकांच्या ओठी बसेल ते तुम्हीच ठरवा. जमल्यास नाममुद्रेच्या कडव्याचीही एक रील करा. गीतकार-संगीतकारांनी १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हावे. सारे एकाच दुकानात ठेवू नका. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि अनेक ग्रामीण कलावंतांचे चाहते एका रात्रीत गेले. जुन्या वह्या, कॅसेटी, कार्यक्रमांची पत्रके जपा. न्यायालयात तोच पुरावा ठरतो.

आणि रील करणाऱ्या तरुणांनो, तुमच्यावरही एक जबाबदारी आहे. व्हिडिओखाली एक ओळ लिहायला पैसे लागत नाहीत. गीत कोणाचे, आवाज कोणाचा, एवढेच लिहा. नाव माहीत नसेल तर विहारातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्या समाजाचे नाव इतिहासातून पुसले गेले आणि बाबासाहेबांनी ते पुन्हा लिहिले, त्या समाजाने आपल्याच कवीचे नाव पुसू नये.

जय भीम!